रविवारचे वीस मैल

आयडा कोरिया धावायला लागली ती रेल्वेच्या संपामुळे. चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात गाड्या बंद पडल्या आणि सगळी मुंबई बसच्या रांगेत येऊन उभी राहिली. आमचा औषधांचा कारखाना घाटकोपरला आग्रा रोडवर, आणि आयडाचं घर मरोळच्या गावठाणात. एरवी उजेडी घरी पोचणारी आयडा संपाचे पहिले काही दिवस दिवेलागण झाल्यावर पोचत होती. एका संध्याकाळी तिने रांगेचं शेपूट कुठवर गेलंय ते पाहिलं आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"क्षमा, हा उद्या घेऊन ये."

"आणि तू?"

"मी चालले."

आणि खरंच चालायला लागली. असल्फ्याचा चढ तिने चालत काढला. पुढे उतार लागला तशी ती धावायला लागली आणि साकीनाका येईपर्यंत थांबलीच नाही. नाक्यावर दम खायला थांबली, पण नंतर मला म्हणाली, थांबून फारसं बरं वाटेना. म्हणून पुन्हा धावत सुटली ती थेट घरापर्यंत.

"वेडी आहेस का गं?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं. "लोकांना वाटलं असेल, चोरी करून पळतेय."

"वाटू दे ना. पकडायला कोणी आलं नाही. आणि ऐक, माझी बस माझ्या मागनं आली."

आम्ही दोघी पॅकिंगला होतो. मी बाटल्यांना लेबलं लावायचे, ती बूच तपासून बाटल्या खोक्यात भरायची. आयडा तेव्हा तीस-एकतीसची असेल. उंच, सावळी, गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, केस मानेवर घट्ट बांधलेले. तिचे लोक ईस्ट इंडियन ख्रिस्ती, म्हणजे इथलेच, मुंबईच्या जुन्या गावांमधले. घरात मराठी बोलायचे आणि मरोळला त्यांची अजून थोडी भातशेती होती. नवरा फ्रेडी बोटीवर होता, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. घरी शाळेत जाणारी मुलगी विनी आणि सासू ज्युलिया.

संप मिटला. गाड्या सुरू झाल्या, बसची रांग आटोपशीर झाली. पण आयडाने संध्याकाळची बस पुन्हा धरली नाही. सकाळी ती बसने यायची, कारण सकाळी पाणी भरणं, विनीची वेणी, डबा, एवढं उरकून धावायला वेळच नसायचा. संध्याकाळी फ्रॉकच्या आत फ्रेडीची अर्धी चड्डी घालायची, पायात कॅनव्हासचे बूट चढवायची आणि निघायची. बुधवारी मात्र ती माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायची आणि शनिवारी अंधेरीच्या बाजारात. त्या दोन दिवशी धावणं नाही. रविवारी पहाटे चर्चमध्ये मिसाला जाऊन आली की सकाळ तिची स्वतःची. ज्युलिया सांभाळायची घर. तेव्हा आयडा मरोशीकडून आरे कॉलनीत शिरायची. तिथे झाडांची सावली, तबेल्यांचा वास, दुधाच्या लॉऱ्या सोडल्या तर रस्ता मोकळा. कंटाळा येईस्तोवर धावायचं आणि परत फिरायचं, असा तिचा हिशेब.

सासूला यात काही विशेष वाटलं नाही. ज्युलिया तरुणपणी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन मरोळहून माहीमच्या बाजाराला पायी जात असे. ती म्हणायची, "डोक्यावर ओझं नाय, काखेत पोर नाय. मग दमायला काय झालं गो?"

आमच्या कारखान्याचा खरा धावणारा होता सहदेव वानखडे. बॉयलरवर कामाला. बुलढाण्याकडच्या बौद्ध कुटुंबातला, लहानपणी आईबापांबरोबर मुंबईला आलेला, घाटकोपरला डोंगराखालच्या वस्तीत राहायचा. काटक, अबोल माणूस. शहरातल्या रस्त्यावरच्या शर्यतींत त्याने कारखान्याला दोन कप आणून दिले होते. त्याला तयार करायचे ते विद्याधर साहेब, आमचे वेल्फेअर ऑफिसर. कॉलेजात असताना ते स्वतः पाच हजार मीटर धावत. लग्न केलं नव्हतं. संध्याकाळी सहदेवच्या मागे सायकलवरून मैलोन् मैल जायचे, खिशात ग्लुकोज आणि हातात घड्याळ. मनाने फार चांगला माणूस.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी असल्फ्याच्या चढावर सहदेवला पुढे कोणीतरी धावताना दिसलं. जवळ गेला तर आयडा.

"आयडाबाई? कुठं निघालात?"

"घरी."

"धावत?"

"बसची लाइन बघितलीस का?"

तो तिच्याबरोबर साकीनाक्यापर्यंत गेला. वाटेत आयडाने त्याला फ्रेडीच्या बोटीची, विनीच्या शाळेची, गावठाणातल्या भांडणाची अशी सगळी हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी सहदेव विद्याधर साहेबांना म्हणाला, "सर, ही बाई चढावर गप्पा मारते. मला चढावर हूं म्हणायला होत नाही."

सप्टेंबरात फ्रेडी सुट्टीवर आला. गोल चेहऱ्याचा, सारखा हसणारा. त्याने जपानमधून तिच्यासाठी बूट आणले होते. निळे, हलके, तळाला मऊ रबर. आम्ही पॅकिंगमधल्या सगळ्या बायकांनी ते हातात घेऊन वजन करून पाहिले. आणि त्याने आणखी एक गोष्ट आणली. बोटीवरच्या जर्मन इंजिनिअरने त्याला एक फोटो दाखवला होता: त्यांच्या देशात नुसत्या बायकांची मॅरेथॉन झाली म्हणे. सव्वीस मैल.

"पुरी केली?" आयडाने विचारलं.

"बऱ्याच जणींनी. एक तर म्हातारी होती."

पुढच्या रविवारी आयडा आरेतून गोरेगावला बाहेर पडली आणि हायवेवर मालाडपर्यंत जाऊन आली.

ऑक्टोबरमध्ये बातमी आली. उपनगरातल्या दोन-तीन व्यायामशाळा मिळून जानेवारीत मॅरेथॉन घेणार होत्या. मुलुंडहून सुरुवात, आग्रा रोडने घाटकोपर, तिथून साकीनाका, मरोळ, अंधेरी, मग हायवेने बोरिवली, दहिसरच्या नाक्याला वळसा आणि बोरिवलीला शेवट. कारखान्यातून सहदेवचं नाव जाणार हे ठरलेलंच होतं. जेवणाच्या सुट्टीत आयडा विद्याधर साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, माझं पण नाव द्या."

साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते म्हणाले, "बायकांना पंधराशे मीटरच्या पुढे धावू देत नाहीत, आयडाबाई. ऑलिंपिकमध्येसुद्धा नाही."

"मी ऑलिंपिकला कुठे चाललेय? बोरिवलीला चाललेय."

पुढच्या रविवारी साहेब, आयडा आणि मी मुलुंडला गेलो. व्यायामशाळेचे प्रमुख भाऊराव म्हणजे जुने पैलवान, कान मोडलेले, आवाज मात्र एखाद्या मास्तरासारखा मऊ. त्यांनी आम्हाला चहा दिला, आयडाचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाई, तुम्हाला वाटेत काही झालं तर लोक मला धरतील. छातीवर नंबर देता येणार नाही."

"नंबर नको."

"मग?"

"रस्ता म्युनिसिपालिटीचा आहे ना? तुमचे लोक धावतील, मागनं मी धावेन. तुम्ही माझ्याकडे बघू नका."

भाऊराव बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "बघणार कसं नाही?" ते म्हणाले. "उगीच का डोळे दिलेत देवाने? या तुम्ही. नंबर नाही, पण पाणी सगळ्यांना मिळेल."

तिथून परतताना विद्याधर साहेबांनी तिलाही आपल्या हाताखाली घेतलं. आणि तिथूनच वाद सुरू झाला. वाद एकाच गोष्टीचा: किती धावायचं?

साहेबांचं गणित सरळ होतं. जितकं जास्त, तितकं बरं. सहदेव रोज कामावर यायच्या आधी भांडुपपर्यंत जाऊन यायचा आणि सुटल्यावर पुन्हा तेवढंच. आठवड्याचे शंभर मैल झाले नाहीत तर साहेबांचा चेहरा पडायचा. महिन्यातून एका रविवारी पूर्ण सव्वीस मैल. त्यांनी आयडाचा आठवडा विचारला, मनात बेरीज केली आणि कपाळाला हात लावला.

"संध्याकाळचे चार मैल, तेही चारच दिवस! रविवारचे धरले तरी सहदेवच्या निम्मेसुद्धा होत नाहीत. एवढ्यावर मॅरेथॉन?"

"सर, माझ्याकडे वेळच तेवढा आहे."

"मग वेळ काढा."

"कुठून काढू? पाणी सहाला येतं. विनी सातला उठते. बुधवारी मी देवाला सोडणार नाही, आणि शनिवारी बाजार केला नाही तर सासू मला सोडणार नाही."

साहेब चिडले. पण रविवारी सायकल घेऊन तिच्याबरोबर आरेत आले, कारण ती हे जमवते कसं, तेही त्यांना बघायचं होतं. त्यांच्या सायकलला मीटर होतं, त्यामुळे आयडाला पहिल्यांदाच कळलं की आपण किती जातो. ती दर रविवारी थोडंसं वाढवत होती. मालाडचा पूल, मग कांदिवली, मग त्याच्या पुढचं एक मोठं वडाचं झाड. आणि तीनेक रविवार असे वाढवले की एक रविवार ती मुद्दाम कमी धावायची. भात कापणीच्या रविवारी तर ती शेतातच होती. साहेब म्हणाले, "वाढत चाललेलं कशाला मोडता?" ती म्हणाली, "मोडत नाही सर, मुरू देते. लोणच्याला देतो तसं."

मी हे सगळं बघत होते, आणि खरं सांगते, मला वाटायचं साहेबांचंच बरोबर असणार. शंभर मैल धावणारा सहदेव आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं धावणारी आयडा. यात कोण तयार होईल हे कोणीही सांगितलं असतं.

पण नोव्हेंबर संपता संपता सहदेव बदलला. गाल आत गेले. दुपारी बॉयलरजवळ बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा. सर्दी आली ती जाईचना. एक दिवस त्याची बायको राधा गेटवर आली, विद्याधर साहेबांकडे नाही, आयडाकडे.

"ताई, हे रात्री झोपेत पाय झाडतात. जेवण जात नाही. तुम्हाला पण असंच होतं का?"

"मला?" आयडा म्हणाली. "मी तर घरातलं सगळं खाऊन टाकते. सासू भाकरी मोजून ठेवायला लागलीय."

त्या संध्याकाळी तिने सहदेवला असल्फ्याच्या चढावर गाठलं. बाजूला मी होते, कारण मी तिथपर्यंत तिच्याबरोबर चालत जायला लागले होते. तिने त्याला तिथेच थांबवलं.

"सहदेव, दोन दिवस घरी बस."

"सर काय म्हणतील?"

"सर धावत नाहीत रे, सायकल चालवतात."

सहदेव हसला. पण बसला नाही. साहेबांवर त्याची श्रद्धा होती. कंपनीत कायम झाला तो त्यांच्यामुळे, राधाच्या आजारपणात औषधं मिळाली ती त्यांच्यामुळे. साहेबांनी सांगितलेलं तो खाली पडू देत नव्हता.

डिसेंबरच्या मध्यावर आयडाने एका रविवारी वीस मैल केले. कांदिवलीच्या पुढे बोरिवलीच्या हद्दीपर्यंत जाऊन परत. घरी आली तेव्हा ज्युलियाने पेज तयार ठेवली होती, मीठ जास्त घालून. साहेब सायकल टेकवून अंगणात बसले. आनंदात होते.

"झकास! आता पुढच्या रविवारी सव्वीस."

"नाही सर. आता मी कमी करणार."

"कमी?"

"क्रिसमस आलाय. घरात करंज्या, केक, पाहुणे. आणि पाय म्हणतायत पुरे. आता शर्यतीपर्यंत फक्त थोडं थोडं."

साहेब उठून उभे राहिले. "आयडाबाई, ज्या पेपरला बसायचं त्याचा सगळा पोर्शन नको का व्हायला? शेवटचे सहा मैल तुम्ही आयुष्यात कधी धावलेल्या नाहीत. ते कसे असतात हे तुम्हाला माहीत तरी आहे का?"

"नाही."

"मग?"

आयडाने पेजेचा वाडगा खाली ठेवला. "सर, बाळंतपणाची कोणी प्रॅक्टिस करतं का?"

ज्युलिया पदर तोंडाला लावून अशी हसली की तिला ठसका लागला.

"राग मानू नका," आयडा म्हणाली. "ते सहा मैल अवघड असणार, मला ठाऊक आहे. म्हणून तर ते एकदाच धावणार. घरी धावून संपवले तर तिथे काय नेऊ?"

नाताळात ती खरोखर कमी धावली. मी तिच्याकडे केक खायला गेले तेव्हा ती मस्त होती, गालावर तेज, हात मैद्यात. त्याच आठवड्यात सहदेव पूर्ण सव्वीस मैल धावला. साहेबांनी मला अभिमानाने वेळ सांगितली. आधीच्या महिन्यापेक्षा दहा-बारा मिनिटांनी जास्तच लागली होती. साहेब म्हणाले, ऊन होतं.

शर्यत जानेवारीच्या पहिल्या रविवारी. मुलुंडला उजाडता उजाडता पोचलो. कारखान्याने टेम्पो दिला होता, त्यात मी आणि साहेब, पाण्याचे कॅन, लिंबं, गूळ. चाळीस-पन्नास पुरुष असतील. कोणी गिरणीतले, कोणी पोलिसातले, कोणी कॉलेजची मुलं. आयडाने फ्रेडीचा पांढरा बनियनसारखा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट घातली होती, ती तिनेच शिवली होती. काही जण हसले. एक जण म्हणाला, "बाई, मिसाला उशीर झाला का?" ती म्हणाली, "मिस करून आलेय. तुझ्यासाठी पण मागितलंय."

भाऊरावांनी शिट्टी मारली आणि सगळे निघाले. कॉलेजची मुलं तर अशी सुटली की भांडुप यायच्या आधी दिसेनाशी झाली. सहदेव पहिल्या दहांत होता. आयडा सगळ्यांच्या मागे, असल्फ्यावरून घरी चालल्यासारखी. साहेबांनी टेम्पोतून ओरडून सांगितलं, "जरा उचला!" तिने हात हलवला, पण उचललं काही नाही.

घाटकोपरला आमच्या गेटवर पॅकिंगच्या सगळ्या बायका उभ्या होत्या. त्यांनी असा गलका केला की चहावाला स्टोव्ह तसाच सोडून बाहेर आला. पुढचा रस्ता आयडाच्या रोजच्या पायाखालचा. असल्फ्याच्या चढावर तिने कॉलेजच्या तिघांना गाठलं. ते कमरेवर हात ठेवून चालत होते. मरोळ नाक्यावर अर्धं गावठाण जमलं होतं. ज्युलिया सगळ्यांत पुढे, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, हातात पेजेचा तांब्या. आयडा थांबली, प्यायली, तांब्या परत दिला. ज्युलियाने तिच्या पाठीवर एक जोराचा हात मारला, बैलाला मारतात तसा.

अंधेरीहून हायवेला लागलो आणि ऊन चढलं. जोगेश्वरी, गोरेगाव. इथे एकेक करून माणसं गळायला लागली. आयडा तशीच, त्याच चालीने. प्रत्येक नाक्यावर ती एक-दोघांना मागे टाकत होती, पण त्यांच्याकडे बघत नव्हती. कांदिवलीच्या जरा आधी साहेब टेम्पोत एकदम उभे राहिले.

समोर सहदेव होता. धावत होता म्हणायचं, पण पाय उचलले जात नव्हते. डोळे कुठेच लागलेले नव्हते. साहेबांनी टेम्पो थांबवून त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. तो म्हणाला, "सर, आत काहीच नाही. खणून बघितलं. काहीच नाही."

तेवढ्यात आयडा आली. ती त्याच्या बाजूला आली आणि त्याच्याच वेगाने चालू लागली.

"चल. माझ्याबरोबर चल. बोल काहीतरी."

"नाही ताई. तू जा."

"सोडून कशी जाऊ?"

"मी मरत नाही. चालत येतो मी." मग त्याने तिच्याकडे असं बघितलं की मला अजून आठवतं, ते दुखलेल्या माणसाचं बघणं नव्हतं, पाठवणाऱ्याचं होतं. "तुझे पाय चालतायत. थांबवू नको. जा ना."

आयडा गेली. साहेब उतरून सहदेवबरोबर चालायला लागले. त्यांनी आपला कोट काढून टेम्पोत टाकला आणि मला म्हणाले, "तू तिच्यामागे जा."

तर शेवटचे सहा मैल मी एकटीने बघितले. बोरिवलीपर्यंत ती ठीक होती. तिथे लोक टाळ्या वाजवत होते, तिला वाटलं संपलं, आणि कोणीतरी सांगितलं, अजून दहिसर जाऊन यायचंय. तेव्हा पहिल्यांदा मी तिचा चेहरा वाकडा झालेला बघितला. दहिसरच्या वाटेवर ती रडत होती. पाय लाकडाचे झाले, असं म्हणाली. मी गूळ दिला, तो चघळता येईना म्हणून थुंकला. मी घाबरले.

"आयडा, बस झालं. चढ टेम्पोत."

"गप गं," ती म्हणाली. "हे आहेत ते. हेच आहेत. मला माहीत होतं असे असणार."

नाक्याला वळसा घातल्यावर ती मोठ्याने जपमाळ म्हणायला लागली. एका दमात दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. वेग माझ्या चालण्याएवढाच राहिला होता, पण ते धावणंच होतं, पाय दर वेळी जमिनीवरून सुटत होता. बोरिवलीच्या मैदानात शिरताना तिने डोळे पुसले, केस मागे सारले आणि ताठ होऊन आत गेली.

साडेचार तासांहून थोडं कमी. तिच्यापुढे सतराच जण आले होते. भाऊराव चुन्याच्या रेघेजवळ नारळांचं पोतं घेऊन उभे होते, पोचेल त्याला एक. त्यांनी आयडाला नारळ दिला, मग तो परत घेतला, पोत्यात हात घालून शोधून सगळ्यांत मोठा काढला आणि तो दिला.

सहदेव तासाभराने आला, चालत. साहेब त्याच्या शेजारी, बुटांत फोड आलेले. सहदेव आयडाजवळ गवतावर बसला. साहेब बूट काढून त्याच्या समोर बसले.

"चूक माझी आहे, सहदेव. तू उत्तम होतास ऑक्टोबरात. मी तुला त्या रस्त्यांवर रिकामा केला."

"सर, मी पण सांगितलं नाही ना तुम्हाला," सहदेव म्हणाला.

आयडाने नारळ त्या दोघांच्या मध्ये ठेवला. "फोडा आधी. मला भूक लागलीय."

सहदेवने महिनाभर बूट घातले नाहीत. राधाने त्याला खाऊ घालून माणसात आणलं. मग तो आयडाच्या रविवारांना यायला लागला. आठवड्यात थोडं, रविवारी लांब, तीन वाढवायचे, एक सोडायचा. त्याचं थोडं म्हणजे आयडाच्या दुप्पट होतं, कारण त्याचं अंग तेवढं मागायचं. दोघांचं माप एक नव्हतं, चाल एक होती. पुढच्या जानेवारीत तो चौथा आला आणि शेवटी हसत आला. विद्याधर साहेबांनी सायकलचं मीटर काढून टाकलं. मीटर बघितलं की मला आणखी हवंसं होतं, म्हणाले.

भाऊरावांनी सत्त्याहत्तर साली बायकांना नंबर दिले. चौघी होत्या. त्यात मुलुंडची लता नावाची कॉलेजातली मुलगी होती, ती आयडाच्या आधी आली. आयडाला वाईट वाटलं का, मी विचारलं. "वाटलं ना," ती म्हणाली, "बोरिवलीच्या नाक्यापर्यंत वाटत होतं. मग म्हटलं, पोरगी चांगली धावते यार."

हळूहळू लोक मरोळला तिच्या घरी यायला लागले. बँकेतले, गिरणीतले, एकदा तर ट्रॉम्बेहून अणुकेंद्रात काम करणारे दोघं आले. सगळ्यांचा प्रश्न तोच: मॅरेथॉनसाठी किती धावायचं? आयडा कधीच आधी मैल सांगायची नाही. ती त्यांना ओट्यावर बसवायची आणि विचारायची, उठतोस किती वाजता, पाणी कोण भरतं, कामावर उभा असतोस की बसलेला, झोप लागते का, घरी लहान मूल आहे का. सगळं ऐकायची, मान डोलवायची, आणि मग एक आकडा सांगायची. तो बहुतेक वेळा समोरच्याने मनात धरलेल्या आकड्यापेक्षा लहान असायचा. काही जण हिरमुसले होऊन जायचे.

एकोणऐंशीच्या नाताळात फ्रेडीने बोट सोडली आणि गोदीत नोकरी धरली. घरी आल्या आल्या तो म्हणाला, आता मीही तुझ्याबरोबर धावणार, सांग, किती? आयडाने त्याच्या पोटाकडे बघितलं, मग विनीकडे, मग ज्युलियाकडे. तिघी हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी केक खायला गेले तेव्हा पाहिलं, तो तिच्या मागून घराजवळच्या चर्चपर्यंत गेला, फाटकाला धरून उभा राहिला, आणि ती पुढे मरोशीच्या रस्त्याला लागली.